४० हजारांत होम थिएटर: आधी आईला संवाद ऐकू येऊ देत

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चिंचवडला १० बाय १४ फुटांचा हॉल. ४३ इंची ४के अँड्रॉइड टीव्ही, चार वर्षं जुना आणि आता फार मंद चालणारा. २ टीबीच्या हार्ड डिस्कवर सिनेमे आणि घरचे जुने व्हिडिओ. आईचं वय ७२, ऐकायला थोडं कमी येतं, मालिका आणि नाटकांची रेकॉर्डिंग आवडीनं बघते. तुम्ही दोघं रात्री वेबसिरीज बघता. बजेट ४० हजार. दुकानदारानं ३५ हजारांचा 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' लिहिलेला २.१ साउंडबार सुचवलाय, तो घेऊ का?

नका घेऊ.

२.१ म्हणजे डावा, उजवा आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. मधला स्पीकर, ज्याला सेंटर म्हणतात, तो त्यात नाहीच. सिनेमा किंवा सिरीजचा आवाज ५.१ मध्ये (डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि सबवूफर) बनतो तेव्हा जवळजवळ सगळे संवाद सेंटर चॅनेलमध्ये ठेवलेले असतात. पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत हे बाकीच्या चॅनेलांत. २.१ बार हे सगळं एकत्र करून डाव्या-उजव्यात ओततो. तुम्ही लिहिलंय की आवाज वाढवला तर गाणी अंगावर येतात आणि कमी केला तर बोलणं कळत नाही. त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे. टीव्हीचे स्वतःचे दोन स्पीकरही हेच करतात, वर ते पातळ आणि मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले. सेंटर वेगळा असला की बाकीचं आहे तिथेच ठेवून फक्त बोलणं वर काढता येतं. तुमच्या घरात सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीनं पडेल, म्हणून पैसेही आधी तिथेच घाला.

अ‍ॅटमॉसचंही सांगतो, कारण त्या शब्दासाठी दुकानात बरेच हजार जास्त मोजले जातात. अ‍ॅटमॉसमध्ये आवाजाला उंचीची माहिती जोडलेली असते. ती ऐकवायला छतात स्पीकर हवेत, नाहीतर वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे. त्यासाठीही छत सपाट आणि मोकळं लागतं. आपल्या हॉलमध्ये पीओपीच्या पायऱ्या, मध्ये बीम आणि बरोबर त्याच जागी फिरणारा पंखा. २.१ बार तर हे सगळं नुसत्या प्रोसेसिंगवर भागवतो. शिवाय नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस आणि ४के दोन्ही सगळ्यात वरच्या प्लॅनमध्येच मिळतात. तुमचा प्लॅन तो नसेल तर त्या शब्दाचा उपयोगच नाही.

मी तुमच्या जागी असतो तर बार, सबवूफर आणि मागचे दोन वायरचे स्पीकर असा ५.१ संच घेतला असता. साधारण १७ ते २० हजारांत बसतो. बारमध्ये तीन चॅनेल आहेत ना, म्हणजे सेंटर खरोखर वेगळा आहे ना, एवढं खोक्यावर तपासा. रिमोटवर 'व्हॉइस' किंवा सेंटरची पातळी वाढवायची सोय आहे का तेही बघा. 'इतके वॅट' याकडे फार लक्ष देऊ नका. १४ फुटांच्या खोलीत यातला कुठलाही संच पुरून उरतो. वायरलेस मागच्या स्पीकरांसाठी जास्त पैसे देण्यातही अर्थ नाही, त्यांनाही विजेची वायर लागतेच. संचातली वायर सोफ्यामागे पोचत नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीतून मीटरवर स्पीकर वायर आणा आणि स्कर्टिंगच्या कडेनं पट्टीतून न्या.

आता जोडणी, कारण चांगला संच चुकीच्या सेटिंगमुळे वाया गेलेला मी खूपदा पाहिलाय. मागच्या दिवाळीत नाशिकला मावशीकडे गेलो होतो. तिला कानाचं यंत्र आहे. मुलानं हौसेनं ५.१ संच घेऊन दिलेला, तरी मावशी टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसायची. मी मागच्या स्पीकरला कान लावून पाहिलं, तर चक्क शांतता. टीव्हीच्या मेनूत आवाज, मग डिजिटल आउटपुट, तिथे 'पीसीएम' निवडलेलं. एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून बारकडे नेणाऱ्या सोयीच्या वाटेनं पीसीएम (टीव्हीनंच उलगडलेला आवाज) फक्त दोन चॅनेलांचा जातो, म्हणजे आठ महिने ते घर ५.१ च्या संचावर स्टिरिओ ऐकत होतं. तिथे 'ऑटो' केलं, बारवर व्हॉइस मोड लावला, सबवूफर तीन पायऱ्या खाली आणला. मालिका सुरू होती. पाचेक मिनिटांनी मावशी उठली, खुर्ची उचलून मागे सोफ्याजवळ नेली आणि तिथे बसून बघायला लागली. बोलली काहीच नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

तर टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय, बार त्यालाच जोडा, दुसऱ्याला नाही. टीव्हीत सीईसी चालू करा. त्याला प्रत्येक कंपनीनं आपलं नाव दिलंय: सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिंपलिंक, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस. मग टीव्हीच्या रिमोटनंच बारचा आवाज कमी-जास्त होतो, आईला दोन रिमोट सांभाळावे लागत नाहीत. आउटपुट 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' (आलेला आवाज न बदलता पुढे पाठवणं) ठेवा. ब्लूटूथनं बार जोडू नका, आवाज ओठांच्या मागे राहतो. ऑप्टिकल वायरनं साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, पण ओटीटी ज्यात येतं ते डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. एआरसीनं तेही जातं, म्हणून पहिली पसंती एआरसीला. आणि तपासताना यूट्यूब लावू नका, तिथलं बहुतेक सगळं स्टिरिओ असतं. ओटीटीवर भाषेच्या यादीत ज्यापुढे ५.१ लिहिलंय असं काहीतरी लावा.

टीव्ही मंद झालाय म्हणून बदलू नका. पॅनेल ठीक असेल तर पाच-सहा हजारांचा गूगल टीव्ही बॉक्स लावला की तो पुन्हा नव्यासारखा पळतो. फक्त बॉक्स प्रमाणित हवा. बाजारात अडीच-तीन हजारांना '८के' छापलेले बॉक्स मिळतात, त्यांच्यात बहुधा वाइडवाइन एल१ नसतं. वाइडवाइन म्हणजे कॉपी रोखणारं गूगलचं कुलूप, एल१ त्याचा वरचा स्तर आणि एल३ खालचा. एल३ असलं की नेटफ्लिक्स, प्राइम ही अ‍ॅप चित्र साध्या एसडीतच देतात, इंटरनेट कितीही वेगवान असू दे. 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं अ‍ॅप टाकलं की कुठला स्तर आहे ते कळतं. इंटरनेटचा प्रश्न तुम्हाला नसावा. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५ पुरतात. राउटर आतल्या खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लावा, नाहीतर लॅनची वायर ओढा.

एक अडचण येऊ शकते. काही जुने टीव्ही स्वतःच्या अ‍ॅपचा आवाज एआरसीवर ५.१ देतात, पण बाहेरून एचडीएमआयनं आलेला आवाज स्टिरिओ करून पुढे पाठवतात. तुमच्या टीव्हीच्या मेनूत 'पास-थ्रू' हा पर्याय आहे का, हे खरेदीआधीच बघून ठेवा.

हार्ड डिस्कबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'काही सिनेमांना चित्र येतं पण आवाज येत नाही' हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते बहुतेक डीटीएस आहे, डॉल्बीसारखाच आवाजाचा एक प्रकार. सिनेमाच्या एमकेव्ही फाइलमध्ये आवाज डीटीएस असेल आणि टीव्हीकडे तो वाचायची सोय नसेल, तर असंच होतं. सॅमसंगनं २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढलं, एलजीनं २०२० पासून काही वर्षं काढलं होतं. फाइल बिघडलेली नाही, डिलीट करू नका. बॉक्सवर कोडी हे व्हिडिओ चालवायचं अ‍ॅप टाका. फुकट आहे, २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, आणि आवाज स्वतः सोडवायची ताकद त्याच्यात आहे. कोडीच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ऑडिओत जा, चॅनेलांची संख्या २.० ठेवा, पास-थ्रू चालू करा, आणि खाली डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंगचा पर्याय येईल तो लावा. २.० बघून गोंधळू नका, ती नसेल तर तो पर्याय मिळतच नाही. मग डीटीएस असो की एएसी, कोडी त्याचं डॉल्बी डिजिटल ५.१ करून एआरसीवरून बारकडे पाठवतो.

डिस्क बॉक्सच्या यूएसबीला लावायची, तर बॉक्सला यूएसबी पोर्ट आहे का ते घेतानाच बघा, स्टिकच्या आकाराच्या बऱ्याच उपकरणांना तो नसतो. डिस्क लावल्यावर टिक्-टिक् आवाज येऊन बंद पडली तर तिला वीज पुरत नाहीये. ताबडतोब काढा आणि स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर एफएटी३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, हे लक्षात असू द्या. आणि घरचे जुने व्हिडिओ आणखी एका डिस्कवर आजच कॉपी करा. सिनेमा पुन्हा मिळेल, आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं चित्रण पुन्हा मिळणार नाही.

खोलीकडे सहसा कोणी बघत नाही. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. मागोमाग टणटण असा पत्र्यासारखा आवाज आला तर व्हिट्रिफाइड फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतायत, आणि त्यात शब्दांची टोकं पुसली जातात. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, बाल्कनीच्या काचेवर जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. यातलं पहिलं केलंत तरी फरक कळेल. हजार-दोन हजारांत संवादांसाठी याहून चांगली खरेदी माझ्या माहितीत नाही. बार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका, कडेपर्यंत पुढे ओढा, नाहीतर अर्धा आवाज लाकडावर आपटतो. पंखा पाचवर असेल तर दोनवर आणून बघा. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांना पंख्याच्या घरघरीत बोलणं वेगळं काढणं आपल्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की घुमतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. जागा शोधायची एक जुनी रीत आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्याजवळ ठेवा, गाणं लावा, आणि त्याची वायर जितकी पोचते तितक्या भागात तुम्ही जमिनीलगत डोकं नेऊन ऐका. जिथे ढोलकीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. खाली रबराची चटई.

आईच्या नाटकांची रेकॉर्डिंग आणि कृष्णधवल बोलपट बहुतेक मोनो असतात. तिथे ५.१ शोधू नका, पण सेंटरचा फायदा तिथेही होतो. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असला की डॉल्बीची सराउंड प्रोसेसिंग तो मधल्या स्पीकरकडे पाठवते. बारवर तो मोड लावून बघा. रात्री तुम्ही दोघं बघाल तेव्हा नाइट मोड: स्फोट दबतात, कुजबुज वर येते.

रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि सुटे स्पीकर घ्यावेत का, हेही विचारलंत. आवाज त्याचाच सगळ्यात चांगला, आणि एकेक स्पीकर वाढवत नेता येतो. पण नवा रिसीव्हर आणि तीन बरे स्पीकर ४० हजारांत बसवणं ओढाताणीचं आहे. जुना घ्यायचा तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन प्रत्येक एचडीएमआय पोर्ट चालवून बघा, आधी तोच भाग मरतो. स्पीकरच्या वायरींचा लाल-काळा उलटा झाला तर खर्ज नाहीसा होतो. रिसीव्हरपासून वायर सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा अधिक लालला असताना स्पीकरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर. प्रोजेक्टर या बजेटमध्ये सोडूनच द्या, दिवसा चित्र दिसणार नाही आणि आई दिवसाच बघते.

म्हणजे संचाला २० हजार, बॉक्सला सहा, आणि गालिचा, सर्ज प्रोटेक्टर, वायरी, हब मिळून पाच. उरलेले नऊ हजार आत्ता खर्च करू नका. महिनाभर ऐका, आणि आईला विचारा की तिला अजून काय कळत नाही.

टीव्हीच्या मागच्या पोर्टांवर काय काय लिहिलंय आणि आवाजाच्या मेनूत कोणते पर्याय दिसतात तेवढं कळवा. एआरसी नसेल तर वरची जोडणी बदलावी लागेल, ती मी लिहून देतो.