स्पॅनिशमध्ये मेन्यू लिहिताना एका इंग्रजी शब्दाला चार-चार शब्द दिसतात, त्यातला नेमका कुठला घ्यायचा?

तुमचं देवबागला घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, स्पॅनिश बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी मेन्यूकार्ड आणि आजूबाजूच्या परिसराचा माहितीचा कागद करायचा आहे, आणि इंग्रजी शब्द ॲपमध्ये घातला की चार-पाच स्पॅनिश शब्द समोर येतात, असं तुम्ही लिहिलंय. मी वेंगुर्ल्यात स्पॅनिश शिकवतो, भाषांतरंही करतो. हा प्रश्न विद्यार्थीही सतत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उच्चार स्पेनमधले दिले आहेत, जिथे दुसऱ्या देशाचा आहे तिथे तसं म्हटलंय.

आधी इंग्रजी बाजूला ठेवा. तुमच्या डोक्यात पदार्थ मराठीतच असतो, तर अर्थही मराठीतच पक्का करा. बऱ्याचदा मराठीत तो फरक आधीच केलेला असतो, इंग्रजीत गेल्यावर पुसला जातो आणि स्पॅनिशमध्ये पुन्हा हवा असतो. 'हॉट' घ्या. आपण गरम वेगळं म्हणतो, तिखट वेगळं म्हणतो. स्पॅनिशमध्येही गरमला 'कालिएन्ते' आणि तिखटला 'पिकान्ते'. 'हॉट फिश करी' हे नाव ॲपमध्ये घातलं आणि 'कालिएन्ते' उचललंत, तर वाचणाऱ्याला एवढंच कळेल की कालवण चुलीवरून आत्ताच उतरवलंय. मालवणी मसाल्याचा अंदाज त्याला पहिल्या घासालाच येणार! ज्याला तिखट सोसत नाही त्याच्यासाठी हा एक शब्द मेन्यूतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. कालिएन्ते माणसाबद्दल मात्र वापरू नका, त्याचा अर्थ भलताच होतो.

आता तुमचा मुख्य शब्द, 'फिश'. पाण्यात पोहणारा जिवंत मासा तो 'पेथ', आणि पकडलेला, खायचा तो 'पेस्कादो'. मासे पकडणे म्हणजे 'पेस्कार', त्याचंच रूप पेस्कादो, म्हणजे पकडलेला. रापण ओढताना जाळ्यात तडफडतोय तोवर पेथ, बाजारात वाट्यावर आला की पेस्कादो. आपण 'मासळी' म्हणतो तेव्हा साधारण हाच अर्थ असतो. म्हणून मेन्यूत सगळीकडे पेस्कादो येईल, आणि बोटीच्या फेरीत पाण्यात दिसणाऱ्या माशांबद्दल लिहाल तिथे पेथचं अनेकवचन, 'पेथेस'. काही नावं याला अपवाद आहेत. तलवार मासा ताटात आला तरी 'पेथ एस्पादा'च राहतो. सुरमई, सोलकढी, कोकम ही नावं मात्र तशीच ठेवा आणि खाली एका ओळीत काय आहे ते सांगा. सुरमईला कुठलंतरी जवळचं स्पॅनिश नाव चिकटवण्यापेक्षा 'सुरमई, तळलेलं पेस्कादो' हे खरं आणि पुरेसं आहे.

'सीझन'चंही तसंच. ऋतू असेल तर 'एस्ताथ्योन', हंगाम असेल तर 'तेम्पोरादा'. आंब्याचा हंगाम, पर्यटनाचा हंगाम, दोन्हीकडे तेम्पोरादा. पावसाळ्याला दोन्ही चालतात. एस्ताथ्योनचा अर्थ रेल्वे स्टेशन असाही आहे, तेव्हा कुडाळ स्टेशनावरून कसं यायचं हे लिहिताना तो शब्द दिसला तर बिचकू नका.

खरी फसगत होते ती 'खाडी'ला. आपला शब्द स्वच्छ आहे: समुद्राचं भरतीचं पाणी जिथे आत शिरतं ती. इंग्रजीत 'क्रीक' केलं की अमेरिकन इंग्रजीतला छोटा ओढा हाही अर्थ मध्ये येतो, आणि ॲप 'आरोयो' देऊ शकतं. आरोयो म्हणजे ओहोळ. कर्लीच्या खाडीला आरोयो म्हटलं तर पाहुणा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पलीकडे जायची तयारी करेल. स्पेनच्या वायव्येला गालिथिया प्रांतात समुद्र नदीच्या दरीत आत घुसलेला आहे, त्याला तिथे 'रीआ' म्हणतात. आपल्या खाडीला हाच शब्द जवळचा. सगळ्या देशांत समजावं असं वाटत असेल तर 'एस्तुआरिओ' लिहा.

'शेल'ला जरा जपून. काजूच्या बीचं किंवा अंड्याचं टरफल 'कास्कारा', कासवाचं कवच 'कापाराथोन', शिंपला 'कोंचा'. वेळासच्या कासवांबद्दल लिहिताना कोंचा घालू नका. शिवाय अर्जेंटिनासारख्या देशांत कोंचा ही चक्क शिवी आहे. शिंपल्यांबद्दलच लिहायचं असेल तर 'समुद्राचे' हा शब्द जोडा, अर्थ आपोआप स्पष्ट होतो.

शब्द निवडलात की तो उलटा तपासा: स्पॅनिश शब्द घालून इंग्रजी अर्थ बघा. नंतर नुसत्या त्या शब्दावर चित्रं शोधा. पेस्कादो शोधलंत की ताटं आणि मासळीचे गाळे दिसतील, पेथ शोधलंत की पाण्यातले मासे. वर्डरेफरन्ससारख्या शब्दकोशात प्रत्येक अर्थासमोर कंसात छोटी टीप असते, ती वाचल्याशिवाय पहिला शब्द उचलू नका. थोडं स्पॅनिश येत असेल तर स्पॅनिश अकादमीचा कोश ऑनलाइन फुकट आहे, आणि कुठला अर्थ कुठल्या देशात चालतो याच्या खुणाही त्यात असतात.

त्या खुणांचा तुम्हाला फार उपयोग होईल. काजूला स्पेनमध्ये 'आनाकार्दो', कोलंबियात 'मारान्योन', आणि मेक्सिकोत 'नुएस दे ला इंदिया', म्हणजे शब्दशः भारताचा अक्रोड. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेला, तरी मेक्सिकोत तो आपल्या नावावर आहे! सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, स्पेनमध्ये 'गांबास' म्हणतात, मेक्सिकोत 'कामारोनेस'. तुमच्याकडे बहुतेक पाहुणे स्पेनहून येत असतील तर गांबास लिहा, शेजारी तिरकी रेघ मारून कामारोनेसही लिहिलंत तर कुणाचीच अडचण होणार नाही.