वाचकांचे प्रश्न : टायरवरील आकडा आणि नियमाचा अर्थ

प्रश्न : आमच्या हौशी ऑटोक्रॉस स्पर्धेत (शंकू मांडलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजण्याच्या) ‘फक्त रस्त्यावरचे टायर, ट्रेडवेअर (टायरच्या झिजेचा आकडा) किमान २००’ असा नियम आहे. माझ्या टायरवर २०० हाच आकडा आहे; मात्र नक्षी घासून उथळ केल्यामुळे तपासनिसांनी मला रोखले. हे योग्य आहे का?
– एक वाचक, जालना

उत्तर : तपासनिसांची भूमिका मला पटते. ट्रेडवेअर हा आकडा अमेरिकी पद्धतीतील असून तेथे १०० दर्जाच्या प्रमाण टायरशी तुलना करून उत्पादक स्वतःच तो ठरवतो. त्यातून टायर किती हळू झिजेल एवढेच सूचित होते, पकड किती हे नव्हे, आणि म्हणूनच २०० लिहिलेले दोन टायर वळणावर अगदी वेगळे वागू शकतात. आकडा कारखान्यातून निघालेल्या टायरचा असतो. नक्षी घासली की ती कमी लवचीक होते, टायर चटकन प्रतिसाद देतो, म्हणजे ज्या फायद्याला नियम आवर घालू पाहतो तोच मागल्या दाराने येतो. तरीही नियमात घासण्याचा उल्लेख नसेल, तर आपल्यावर थोडा अन्यायच झाला, कारण मनाई लेखी असायला हवी.

पुढच्या वेळी टायरच्या बाजूचे सारे अक्षरांकन (उदा. ‘२३२४’ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला) आणि नक्षीची मोजलेली खोली आयोजकांना आधीच कळवून लेखी निर्णय मागावा. भारतात बनलेल्या अनेक टायरांवर ट्रेडवेअर छापलेलेच नसते. त्यांचे काय करायचे, हेही त्याच पत्रात विचारावे.