स्ट्रायकरचा सेंटर बॅक झाला, आता पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. लहानपणापासून तो आघाडीला खेळायचा. या मोसमात प्रशिक्षकांनी त्याला सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, आणलं. तेव्हापासून तो घुम्यासारखा वागतो. "गोल होत नाहीत म्हणून मला मागे टाकलं," एवढंच म्हणतो. पण फुटबॉलचा ध्यास सुटलेला नाही. उलट शाळा सोडून पूर्णवेळ सराव करायचा म्हणतोय. त्याची उंची 172 सेंटीमीटर आहे. डिफेंडरला खरंच करिअर असतं का? हेडिंगमुळे, म्हणजे चेंडू डोक्याने मारल्यामुळे, मेंदूचे आजार होतात असं वाचल्यापासून धास्ती बसली आहे. त्यातच एका एजंटने परदेशी क्लबच्या ट्रायलसाठी (निवड चाचणीसाठी) आगाऊ पैसे मागितलेत. काय करावं?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचे सगळेच प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण सुरुवात मुलाच्या त्या वाक्यापासून करते. आपल्याला मागे टाकलं ही सल मनात राहिली तर तो सेंटर बॅक म्हणून काही शिकणारच नाही, नुसता मोसम ढकलेल. पंधराव्या वर्षी जागा बदलणं फुटबॉलमध्ये नेहमीचं आहे, आणि त्यानंतरही ती बदलते. अल्फोन्सो डेव्हिस कडेने चढाई करणारा विंगर म्हणून बायर्न म्युनिकला गेला आणि 2020 साली चॅम्पियन्स लीग जिंकला तो लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू म्हणून. हाविएर मास्केरानो मधल्या फळीतला नावाजलेला खेळाडू. बार्सिलोनाने त्याला सेंटर बॅक केलं आणि तिथे तो वर्षानुवर्षं टिकला.

तरीही प्रशिक्षकांना भेटून थेट विचारा, की याच्यात काय दिसलं म्हणून मागे आणलं? "खेळ वाचतो", "घाबरत नाही", "पहिला पास चांगला देतो" असं काही ठोस उत्तर आलं तर निश्चिंत राहा. "दुसरं कोणी नव्हतं" असं उत्तर आलं, तर मोसमाच्या शेवटी जागेबद्दल पुन्हा बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुढच्या सामन्याला गेलात की दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त मुलाकडे बघा. क्लबसाठी खेळाडू हेरणारे स्काउट हेच करतात. चेंडू पलीकडच्या कडेला असताना तो सारखा मान वळवून खांद्यामागे बघतो का? कडेवरून गोलसमोर चेंडू, म्हणजे क्रॉस, येणार असेल तेव्हा उभा कसा राहतो? चेंडूकडे पूर्ण तोंड करून उभा राहिला, तर पाठीमागून सटकणारा स्ट्रायकर त्याला दिसणारच नाही. एक पाय मागे घेऊन तिरका उभा राहिला, तर चेंडू आणि माणूस दोन्ही नजरेत राहतात, आणि मागे वळून पळायला लागलं तर अर्धं वळण आधीच झालेलं असतं. समोरचा चेंडू घेऊन अंगावर आला की पहिल्याच हुलकावणीला फसून पाय घालतो, की दीड-दोन मीटरचं अंतर राखत, मागे सरकत त्याला कडेला रेटत नेतो? घसरून चेंडू हिसकावण्याला, म्हणजे टॅकलला, टाळ्या पडतात, पण अनेकदा ती टॅकल करावी लागते कारण आधीच्या चार सेकंदांत उभं राहायची जागा चुकलेली असते. चांगल्या डिफेंडरचं बरंचसं काम चेंडू येण्याआधीच उरकलेलं असतं. म्हणून ते प्रेक्षकांना दिसत नाही. आणि म्हणूनच, मला वाटतं, तुमच्या मुलालाही आपण काही करतोय असं अजून वाटत नाही.

पुढचा भाग त्यालाच वाचायला द्या. इतकी वर्षं आघाडीला खेळलास, ती वाया गेलेली नाहीत. स्ट्रायकर कधी थांबल्यासारखं दाखवतो, कोणत्या क्षणी डिफेंडरच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धाव घेतो, हे तू स्वतः केलं आहेस. सुरुवातीपासून बचावाला खेळणाऱ्या मुलांना हे मार खात शिकावं लागतं. शिवाय आता सेंटर बॅकने चेंडू नुसता लांब फेकून चालत नाही. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा नियम 1992 मध्ये आला. 2019 पासून गोल किकचा, म्हणजे गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, चेंडू पेनल्टी बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला घेता येतो. त्यामुळे कितीतरी संघांत चढाईचा पहिला पास सेंटर बॅकच्या पायातून निघतो. तुझा कमजोर पाय कोणता असेल, त्या पायाने रोज भिंतीवर पास मारत जा. आणि गोलचं म्हणशील, तर डिफेंडर लिलियान थुराम फ्रान्सकडून 142 सामने खेळला आणि गोल केले फक्त दोन. दोन्ही एकाच सामन्यात, 1998 च्या वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत क्रोएशियाविरुद्ध. फ्रान्सने तो सामना 2-1 असा जिंकला.

ताई, या जागेची एक बाजू अवघड आहे, आणि तीही तुम्हाला माहीत असावी. स्ट्रायकरने चार संधी घालवल्या आणि पाचवी साधली तर त्याला खांद्यावर घेतात. डिफेंडर सगळा सामना बिनचूक खेळला आणि शेवटच्या मिनिटाला एकदा गाफील राहिला, तर लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. चूक झाल्यावर पुढच्या मिनिटाला तितक्याच शांतपणे चेंडू मागून घेता येतो का, यावर या जागेवरचं करिअर ठरतं. हे शिकता येतं, पण घरात हरलेल्या सामन्याची उलटतपासणी होत असेल तर शिकणं फार जड जातं. घरी परतताना चुका काढू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आता करिअरबद्दल. डिफेंडर सहसा उशिरा पिकतो, कारण खेळ वाचण्याची नजर सामने खेळून खेळून येते. व्हर्जिल व्हॅन डाइकचंच बघा. विलेम टू या क्लबच्या युवा संघातून तो 2010 साली ग्रोनिंगनला गेला. मग सेल्टिक, मग साउदॅम्प्टन, अशा पायऱ्या चढत जानेवारी 2018 मध्ये लिव्हरपूलला पोहोचला. तेव्हा तो 26 वर्षांचा होता आणि साडेसात कोटी पाउंडांची ती किंमत त्या वेळी कोणत्याही डिफेंडरसाठी सर्वाधिक होती. इटलीचा सेंटर बॅक फाबियो कन्नावारो याला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला 33 व्या वर्षी, 2006 मध्ये. पाओलो माल्दिनी एसी मिलानसाठी 16 व्या वर्षी पहिला सामना खेळला आणि 2009 मध्ये निवृत्त झाला तेव्हा चाळिशीत पोहोचला होता. तेव्हा पंधराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून सगळं संपत नाही.

उंचीचंही तसंच. वरच्या लीगमधले बहुतेक सेंटर बॅक सहा फुटांच्या वर असतात, हे खरं आहे. पण कन्नावारो पावणेसहा फुटांच्या आसपास होता, आणि अर्जेंटिनाबरोबर 2022 चा वर्ल्ड कप जिंकणारा लिसांद्रो मार्टिनेझही तेवढाच. फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, तर उंची आणखी कमी आडवी येते; जर्मनीचा कर्णधार म्हणून 2014 चा वर्ल्ड कप उचलणारा फिलिप लाम 170 सेंटीमीटरचा. तुमचा मुलगा अजून वाढतोय, हे वेगळंच.

हेडिंगची धास्ती मात्र मी खोडून काढणार नाही. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या सुमारे साडेसात हजार माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर लोकांच्या साडेतीन पट आढळलं, हे 2019 मध्ये जाहीर झालं. 2021 मध्ये जागांनुसार पाहिलं, तेव्हा असे आजार जडण्याचा धोका गोलरक्षकांत इतर लोकांइतकाच निघाला आणि डिफेंडरमध्ये सर्वांत जास्त, सुमारे पाच पट. हे खेळाडू जुन्या काळातले, हे लक्षात घ्यावं. पण म्हणून दुर्लक्ष करावं असं नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. इंग्लंडमध्ये 2021 पासून प्रौढ व्यावसायिकांनाही सरावात जोरकस हेडर आठवड्याला दहापर्यंतच मारण्याची सूचना आहे. तुमच्या प्रशिक्षकांना विचारा, आठवड्याला किती हेडर होतात? तंत्र आधी हलक्या चेंडूवर शिकवता का? डोक्याला मार बसला तर त्याच क्षणी बाहेर काढता का? शेवटच्या प्रश्नावर उत्तर देताना कोणी अडखळलं, तर क्लब बदला.

शाळा सोडू देऊ नका. यावर मी ठाम आहे. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2016 मध्ये सुमारे 14,000 व्यावसायिक खेळाडूंची पाहणी केली. त्यातल्या 45 टक्के खेळाडूंना महिन्याला हजार डॉलरपेक्षा कमी पगार होता आणि 41 टक्के खेळाडूंचे पगार मागच्या दोन मोसमांत कधी ना कधी रखडले होते. लक्षात घ्या, हे सगळे करार मिळालेले, म्हणजे स्वप्न पूर्ण झालेले खेळाडू. वरून दुखापतीचा भरवसा नाही: व्हॅन डाइकसारख्याचाही गुडघा ऑक्टोबर 2020 मध्ये गेला आणि सगळा मोसम हातचा गेला. वाढत्या वयात हाडं पक्की झालेली नसताना दिवसभर सराव केला तर सततच्या ताणाच्या दुखापती वाढतात, म्हणून शाळा सोडून खेळ सुधारतोच असंही नाही. उलट शाळेत एखादी परकी भाषा मन लावून शिकला तर ती मैदानातही कामी येईल. बचावफळीला ओरडून जागेवर ठेवणं हे सेंटर बॅकचं काम, आणि परक्या देशात भाषा येत नसेल तर ते अडतं.

राहिला एजंट. पैसे देऊ नका. फिफाच्या नियमानुसार मोजके अपवाद सोडले तर 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदलीच होत नाही, त्यामुळे हा क्लब तुमच्या मुलाची नोंदणी कोणत्या अपवादात करणार, हे एजंटला लेखी विचारा. एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर बघता येते. त्याचं नाव तिथे शोधा. खऱ्या एजंटची कमाई करार झाल्यावरच्या कमिशनमधून होते, ट्रायलच्या आगाऊ रकमेतून नाही. आणि ज्या क्लबचं नाव तो घेतोय, त्या क्लबच्या अधिकृत पत्त्यावर तुम्ही स्वतः ईमेल पाठवून अशी ट्रायल ठरली आहे का ते विचारा. एजंटने दिलेला पत्ता त्यासाठी वापरू नका.