डी७२०० विकावा की डी५००? देवगडच्या प्रश्नाला उत्तर

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जवळ निकॉनच्या दोन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे आहेत, डी७२०० आणि डी५००. लेन्स तीन: १८-१४०, जुनी ५० एफ/१.८ डी आणि २००-५०० एफ/५.६. हिवाळ्यात खाडीवरचे पक्षी, जत्रांमधले दशावतार आणि सीझनला लग्नं, असं काम. आता निकॉनचाच आरसा नसलेला झेड ६-२ घ्यायचं ठरलंय आणि त्यासाठी एक बॉडी काढायची आहे. डी५०० ला पैसे जास्त येतील म्हणून तोच द्यावा, असा तुमचा कल दिसतोय.

माझ्या मते डी७२०० काढा. नवा कॅमेरा कुणाचं काम हातात घेणार आहे ते आधी बघायचं, आणि ज्याचं काम संपतं तो विकायचा. झेड ६-२ डी७२०० चं जवळजवळ सगळं काम घेतो. डी५०० चं मुख्य काम तो घेऊ शकत नाही.

पक्ष्यांचा हिशेब आधी करू. डी७२०० आणि डी५०० दोन्ही डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरचे. २००-५०० ही लेन्स डीएक्स बॉडीवर ७५० मिमीइतकी जवळीक देते. झेड ६-२ फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आहे. जुन्या लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावून ही लेन्स त्यावर नीट चालते, ऑटोफोकसही होतो, पण तेवढीच जवळीक हवी तर डीएक्स क्रॉप करावा लागतो, म्हणजे सेन्सरचा मधला भागच वापरावा लागतो, आणि २४.५ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. डी५०० त्याच चौकटीत २०.९ देतो. खाडीच्या पलीकडच्या सुरूवर बसलेला समुद्र गरुड आधीच लांब असतो, त्यात निम्मे पिक्सेल गेले तर पिसांचा तपशील जातो. दुसरं, झेड ६-२ चा डोळे ओळखणारा फोकस माणसं, कुत्री आणि मांजरांसाठी आहे, पक्ष्यांसाठी नाही. झुंडीनं उठणाऱ्या कुरवांमागे डी५०० चे १५३ फोकस पॉइंट आजही जास्त भरवशाचे आहेत.

इथे कुणी म्हणेल, डी७२०० तर २४ मेगापिक्सेलचा, मग पक्ष्यांसाठी तोच का ठेवू नये? स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी मुद्दा बरोबर आहे. पण डी७२०० चं बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती मेमरी) १४ बिट रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, १८ फ्रेमच्या आसपास भरतं. तिथे वेग सेकंदाला ५, म्हणजे साडेतीन सेकंदांत कॅमेरा थांबतो, आणि गरुड मासा उचलतो तो नेमका चौथ्या सेकंदाला. डी५०० सेकंदाला १० फ्रेम घेतो आणि चांगलं एक्सक्यूडी (जलद प्रकारचं मेमरी) कार्ड असेल तर २०० रॉ फ्रेमपर्यंत थांबत नाही.

आता दशावतार. इथे झेड ६-२ दोघांनाही मागे टाकतो, तेव्हा तुलना फक्त मागे राहणाऱ्या दोघांची. मांडावर हल्ली एलईडी असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. राक्षसाच्या प्रवेशाला शटर १/५०० ठेवलं की एक फ्रेम उजळ, दुसरी काळसर, तिसरी पिवळट असं होतं. डी५०० मध्ये फोटोंसाठी हे टाळणारी सोय, फ्लिकर रिडक्शन, आहे. डी७२०० मध्ये ते फक्त लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओपुरतं आहे. झेड ६-२ वरही ते चालू करा, आणि तिथे सायलेंट शटर वापरू नका. आवाज होत नाही म्हणून मोह होतो, पण एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि ते नंतर काढता येत नाहीत.

लेन्सचा मुद्दा तुमच्या प्रश्नात आलाच नव्हता, पण पैसे तिथेच अडकतात. तुमची ५० एफ/१.८ डी स्क्रूवाली आहे, म्हणजे तिचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते. डी७२०० आणि डी५०० दोघांतही ती मोटर आहे. एफटीझेडमध्ये नाही. झेड ६-२ वर ती लेन्स हातानंच फोकस करावी लागेल. डी५०० राहिला तर ५० डी त्यावर ७५ मिमीसारखी वागते आणि लग्नात मुंडावळ्या, मेंदी, विहिणींच्या चेहऱ्यांसाठी छान दुसरा कॅमेरा होतो. १८-१४० मात्र डीएक्स लेन्स आहे, नव्या बॉडीवर तीही १० मेगापिक्सेलच देणार. ती डी७२०० ला लावूनच विका. सुट्या जुन्या बॉडीपेक्षा लेन्ससकट किटला गिऱ्हाईक लवकर मिळतं, कारण घेणारा बहुधा पहिला कॅमेरा घेत असतो. झेड ६-२ त्याच्या २४-७० एफ/४ सोबत घेतलात तर तुमची अडचण होणार नाही.

बॅटरी आणि कार्डंही डी५०० च्याच बाजूनं आहेत. झेड ६-२ एक्सक्यूडी कार्ड घेतो, दुसऱ्या खाचेत एसडी. बॅटरीचा आकार तोच आहे, नव्या कॅमेऱ्यासोबत ईएन-ईएल१५सी येते आणि ती डी५०० मध्येही चालते. जुनी ईएन-ईएल१५ झेडमध्ये चालते पण फोटो कमी काढते आणि केबलनं कॅमेऱ्यात चार्ज होत नाही. म्हणून जुन्या बॅटऱ्या डी७२०० सोबत द्या.

डी७२०० गेल्यावर एक गोष्ट खरंच जाईल: वर उघडणारा छोटा फ्लॅश. डी५०० ला तो नाही, झेड ६-२ लाही नाही. त्या फ्लॅशनं तुम्ही बाकीचे फ्लॅश लांबून उडवत असाल तर रेडिओ ट्रिगरचा खर्च आधीच धरून ठेवा.

हे सगळं तुमच्या तीन कामांवरून सांगितलं. पण माणूस जे काम करतो असं समजतो आणि प्रत्यक्षात जे करतो त्यात फरक असतो, म्हणून लाइटरूम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या वर्षभराचे ठेवलेले फोटो उघडा. लायब्ररीत बॅकस्लॅश दाबून फिल्टर पट्टी आणा, मेटाडेटामध्ये एका रकान्यात कॅमेरा आणि दुसऱ्यात लेन्स घ्या. काढलेले मोजू नका, तारा दिलेले किंवा गिऱ्हाइकाला गेलेले मोजा. २००-५०० वरचे दहातला एकही भरत नसतील, तर माझं उत्तर उलटं होतं: डी५०० आणि २००-५०० दोन्ही विका, डी७२०० दुसरी बॉडी म्हणून ठेवा.

नवा कॅमेरा आल्यावर तीन आठवडे तिन्ही बॉडी जवळ ठेवा. एक जत्रा, एक लग्न, खाडीवर दोन सकाळी. तिन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर लग्नाचे फोटो एकत्र लावताना अंतरपाट आधी आणि हळद नंतर येते.

विकण्याआधी दोन्ही बॉडींवर खाऱ्या वाऱ्यानं काय केलंय ते उजेडात बघा. किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याला घाटावरचा गिऱ्हाईक याच जागा तपासतो. हॉट शू (फ्लॅश बसवायची वरची खाच) आणि बॅटरीच्या कप्प्यातले संपर्कबिंदू हिरवट झालेत का? बॅटरी काढून, इअरबडवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. अंगठ्याखालचं रबर दमट हवेत फुगून सुटतं. ते पातळ दुहेरी टेपनं बसवा, फेविक्विकनं नको, त्याच्या वाफेचा पांढरा थर आसपास बसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. फोटोत ती येत नाही, तरी किंमत पाडते. ती लपवू नका, जाहिरातीत तिचा फोटो टाका.

सेन्सरसाठी एफ/१६, आयएसओ १००, फोकस हातानं, आणि स्वच्छ आकाशाचा एक फोटो. काळे ठिपके दिसले तर मेनूतून आरसा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, रबरी ब्लोअरनं चार-पाच फुंका. बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर तो पर्याय निवडताच येत नाही. दाबाच्या हवेचे डबे वापरू नका, त्यातलं द्रव सेन्सरवर उडतं.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा, विचारला जाणारच. निकॉन तो प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या लपलेल्या माहितीत, लिहितो. आज काढलेला जेपेग मूळ फाइल म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. डी७२०० चं शटर १,५०,००० आणि डी५०० चं २,००,००० वेळांसाठी तपासलेलं आहे. आकडा ओलांडला म्हणजे शटर त्याच दिवशी जातं असं नाही, पण भाव त्या आकड्याकडे बघूनच होतो.

वेळ महत्त्वाची आहे. पावसाळाभर बॉडी कपाटात ठेवून दिवाळीला विकू, असा विचार असेल तर मध्ये चार महिने बुरशीचे असतात. कॅमेऱ्याच्या फोमच्या बॅगेत ती सर्वांत लवकर धरते. ड्राय कॅबिनेट (ओलावा कमी ठेवणारं कपाट) ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर चालू असेल तरच थांबा, कारण तुळशीच्या लग्नानंतर मागणी खरंच वाढते. नसेल तर मे महिन्यातच काढा, थोडा कमी भाव आला तरी.

देताना कॅमेरा रिसेट करा, आणि कॉपीराइट आणि इमेज कमेंटमधलं तुमचं नाव वेगळं पुसा, कारण ते रिसेटनं जाईलच असं धरून चालू नका. कार्डं देऊ नका. पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक असेल तर कुरिअरपेक्षा तो गावाला येईल तेव्हा किंवा कणकवली स्टेशनवर समोरासमोर द्या, त्याला दहा फोटो काढू द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागणारी रिक्वेस्ट आली तर ती तुमच्या खात्यातून पैसे काढणारी आहे. रक्कम बँकेच्या खात्यात दिसली की सीरियल नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेली साधी पावती करा, आणि मूळ बिल सोबत द्या.