रिझर्व्ह पॅराशूट निवडताना आकारात तडजोड नको

स्कायडायव्हिंगमध्ये मुख्य पॅराशूटने दगा दिला तर उघडायचं राखीव पॅराशूट म्हणजे रिझर्व्ह. ते निवडताना आधी उडी मारतानाचं एकूण वजन काढा. शरीर ८० किलो, कपडे आणि सगळा संच १२ किलो. म्हणजे ९२ किलो, साधारण २०३ पाउंड. २०० चौरस फुटांचं रिझर्व्ह घेतलंत तर दर चौरस फुटाला जवळपास १ पाउंड भार येतो. सुरुवातीला याच्या वर जाऊ नका.

सर्रास होणारी चूक म्हणजे लहान कंटेनर (पॅराशूट ठेवायची पाठीवरची पिशवी) आवडला म्हणून त्यात मावेल ते रिझर्व्ह घेणं. आधी रिझर्व्ह ठरवा, मग कंटेनर. तुम्ही बेशुद्ध असाल आणि एएडीने (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या उपकरणाने) ते उघडलं, तर जमिनीजवळ ब्रेक ओढायला कुणी नसतं. तेव्हा मोठं कापडच हाडं वाचवतं.

वापरलेलं घेताय? रिगरकडून (पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून) तपासून घ्याच, आणि लेबलवरची कमाल वजनमर्यादा व उत्पादनाची तारीख स्वतः वाचा.