संदेश, मजकूर आन 'परत करते'

लातूरचा एक मित्र सॉफ्टवेअरच्या एका लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, डॉक्युमेंटेशन मराठीत करायलाय. प्रोग्रामातल्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर आणून देणाऱ्या गेटटेक्स्ट ह्या फंक्शनपुढं त्यानं लिहिलंय "अनुवादित संदेश परत करते", आन विचारायलाय की इंग्रजी 'मेसेज'ला 'संदेश' बरोबर हाय का.

मला तर वाचून वाटलं कुणाचा तरी व्हॉट्सअ‍ॅप चुकून आलता, तो माघारी धाडला. संदेश कसा, कुणीतरी कुणाला तरी धाडलेला असतो. बटणावर 'जतन करा' लिहिलंय तर तो कुणाचा संदेश? निरोप म्हणावं तर आपल्याकडं निरोप घेतला की माणूस उठून चालायला लागतो. मी 'मजकूर' लिहीन. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'ज्याचा उल्लेख झालाय ते'. जुन्या कागदात 'मौजे मजकूर' दिसतं ना, म्हणजे वर सांगितलेलं गाव, तेच हे. पुढं लिहिलेल्या कशालाबी मजकूर म्हणायला लागले.

पण माझी खरी तक्रार इंग्रजी 'रिटर्न्स'साठी लिहिलेल्या 'परत करते'वर हाय. परत करायचे ते हातउसने पैसे. हे फंक्शन स्वतः भाषांतरबी करत नाही, भाषांतर करणाऱ्यानं पीओ फाईलीत, म्हणजे इंग्रजी वाक्यं आन त्यांची भाषांतरं असलेल्या फाईलीत, आधीच टाईप करून ठेवलेलं हुडकतं आन हातात देतं, एवढंच. गंमत अशी की भाषांतर सापडलंच नाही तर दिलेलं इंग्रजी जसंच्या तसं देतं, तेव्हा मात्र 'परत करते' शंभर टक्के खरं! हे लिहाच, नाहीतर अर्धा स्क्रीन इंग्रजी दिसला की लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं.

आकड्यानुसार मजकूर बदलायचा असला तर एनगेटटेक्स्ट हे दुसरं फंक्शन असतं, त्याला एकवचन, अनेकवचन आन आकडा असं तिन्ही द्यावं लागतं. तिथं उदाहरण अख्ख्या वाक्याचं द्या, कारण लोक नुसतं 'फाईल, फायली' देतात आन क्रियापद बाहेर चिकटवतात, मग दिसतं "5 फायली उडवली". आपल्यात क्रियापदबी बदलतंय, उलट 'फोटो'सारखा शब्द तसाच राहतो, 1 फोटो आला, 5 फोटो आले. पीगेटटेक्स्ट हे तिसरं फंक्शन म्हणजे संदर्भ सांगायची सोय, 'ओपन' मेनूत असलं तर 'उघडा', तक्रारीपुढं असलं तर 'प्रलंबित'.

तर पहिल्या फंक्शनपुढं मी असं लिहीन: "दिलेल्या मजकुराचं भाषांतर शोधून देते, नसेल तर तोच मजकूर परत करते."