करारावर सही करणारी परदेशी संस्था खरी कशी ओळखावी?

प्रश्न : आमच्या द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपनीला ब्रिटन आणि नेदरलँड्समधील संस्थांसह एका सामंजस्य करारावर सही करण्याचे निमंत्रण आले आहे. त्यांनी नोंदणीपत्रांच्या प्रती ई-मेलने पाठवल्या आहेत. तेवढ्यावर विसंबावे का? आमच्याकडून काय मागितले जाईल?
– एक संचालक, दिंडोरी (जि. नाशिक)

उत्तर : नुसत्या प्रतींवर मुळीच विसंबू नये. प्रतीवरील नोंदणी क्रमांक त्या देशाच्या अधिकृत नोंदवहीत स्वतः ताडून पाहावा. ब्रिटनचे कंपनीज हाउस ही माहिती ऑनलाइन विनामूल्य दाखवते; नेदरलँड्सची व्यापार नोंदवही तेथील चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे केव्हीके, सांभाळते. नाव आणि पत्ता जुळला तरी कंपनी सध्या चालू आहे की विसर्जित झाली आहे, हेही तेथेच पाहावे. संस्थेकडे एलईआय हा २० अक्षर-अंकी जागतिक ओळख क्रमांक असल्यास तो ग्लाइफ या संस्थेच्या खुल्या शोधपृष्ठावर तपासता येतो. तेथे ‘लॅप्स्ड’ दिसल्यास संस्था बंद पडली असे समजू नये. क्रमांकाचे नूतनीकरण झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र खऱ्या कंपनीचे नाव घेऊन तिऱ्हाईतही पत्र लिहू शकतो, आणि माझ्या मते फसगत बहुधा येथेच होते. म्हणून ई-मेलमधला दूरध्वनी क्रमांक न वापरता, स्वतंत्रपणे शोधलेल्या अधिकृत क्रमांकावर विचारणा करावी आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार देणाऱ्या ठरावाची प्रमाणित प्रत मागावी. राष्ट्राराष्ट्रांतील करारांतही हाच दंडक आहे : १९६९ च्या व्हिएन्ना करारानुसार राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना पदामुळेच हा अधिकार असतो, इतरांना सामान्यतः अधिकारपत्र सादर करावे लागते.

तुमच्याकडून निगमन प्रमाणपत्र, २१ अक्षर-अंकी सीआयएन (कंपनीचा नोंदणी-ओळख क्रमांक) आणि संचालक मंडळाचा ठराव मागितला जाईल. कागदांना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, हवे असल्यास व्यापारी कागद आधी वाणिज्य मंडळाकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल मिळते. ही पद्धत भारतात २००५ पासून लागू आहे. समोरच्यांच्या कागदांवर अपोस्टिल दिसले तरी गाफील राहू नये, कारण ते कागदावरील अधिकाऱ्याची सही, त्याचे पद आणि शिक्का खरा असल्याचे सांगते, कागदातील मजकुराची हमी देत नाही.